एका 'ओ'काराची चारशे वर्षे

भाषेत परके शब्द येतात ते बहुधा नामांच्या रूपाने. मेज, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर आमच्या किनाऱ्यावर उतरले. दरबार, जमीन, कागद हे त्याच्या आधी फारसी दप्तरांतून आले. आणि घरच्या माणसांसारखे येथे राहिले. क्रियापदांचे तसे नाही. शतकानुशतके परकी राजवट सोसूनही आमच्या 'करतो'चा प्रत्यय पोर्तुगीज झाला नाही की फारसी झाला नाही. भाषेच्या घरात नामे ही ओटीवरची पाहुणेमंडळी होत, क्रियापदाचे प्रत्यय हे माजघर होय. तेथे बदल होतो तो आतून आणि सावकाश होतो. म्हणूनच एखाद्या समाजाचा अंतरंग इतिहास पाहावयाचा असेल, तर त्याच्या राजांच्या वंशावळीइतकेच त्याच्या क्रियापदांच्या रूपावळीकडेही लक्ष दिले पाहिजे असे आम्हांस वाटते.

या दृष्टीने इटालियन भाषेचे उदाहरण फार बोधप्रद आहे. इटली हे एक राज्य १८६१ साली झाले. परंतु त्या राज्याच्या भाषेतील क्रियापद कसे चालवावे याचा वाद त्यापूर्वी किमान साडेतीनशे वर्षे चालू होता. राज्य नाही, राजधानी नाही, सरकारी शाळा नाही, आणि तरीही भाषेचा नियम आहे, असा हा प्रकार. तो नियम कोणी केला, कोणी मोडला आणि अखेर कोणाचे खरे ठरले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

प्रथम त्या रूपावळीचा विस्तार ध्यानी घेऊ. इटालियन धातूंचे तीन गण आहेत. धातूच्या मूळ रूपाअखेर 'आरे', 'एरे' अथवा 'ईरे' येते त्यावरून ते ओळखावयाचे. 'कान्तारे' म्हणजे गाणे, 'वेदेरे' म्हणजे पाहणे, 'दोर्मिरे' म्हणजे झोपणे. लॅटिनमध्ये गण चार होते. त्यांतील मधले दोन मिसळून एक झाले. क्रियापदाचे अर्थ मुख्यत्वे चार. त्यांतील तीन आमच्या व्याकरणाच्या भाषेत सहज सांगता येतात : स्वार्थ, आज्ञार्थ आणि संकेतार्थ. एकट्या स्वार्थात काळ आठ आहेत. चौथ्या अर्थाचे नाव 'कोंजुन्तीवो', आणि तोच परकीय विद्यार्थ्याची खरी परीक्षा घेतो.

आम्हां मराठी-कोंकणी भाषकांस मात्र हा चौथा अर्थ अगदीच परका वाटू नये. 'पाहुणे आले आहेत' आणि 'पाहुणे आले असावेत' या दोन वाक्यांत जो भेद आहे, तो बव्हंशी या कोंजुन्तीवोचा भेद होय. पहिल्यात वस्तुस्थिती आहे, दुसऱ्यात मनाचा कौल आहे. इटालियन माणूस 'मला वाटते की' असे म्हणाला की पुढचे क्रियापद या दुसऱ्या रूपात जाते. देवळात गाऱ्हाणे घालताना जे 'होवो', 'राखो', 'करो' उच्चारले जाते, तेथेही इटालियन हेच रूप योजील. कारण इच्छा आणि आशीर्वाद हीदेखील घडलेली गोष्ट नव्हे, मनात धरलेली गोष्ट आहे. 'पाऊस आला असता तर पीक बरे झाले असते' या वाक्यात आम्ही दोन्ही अंगांस एकच साचा वापरतो. इटालियन तेथे काटेकोर आहे. 'तर'च्या अलीकडे कोंजुन्तीवो आणि पलीकडे संकेतार्थ, असा त्याचा दंडक आहे.

ही भरभक्कम इमारत लॅटिनच्या वाड्याचीच दगडमाती घेऊन उभी राहिली. पण जुन्या पायावर नव्हे. लॅटिनमध्ये 'तो गाईल' याला 'कान्ताबित' म्हणत, आणि 'तो गायिला' याला 'कान्ताविट'. पुढे लोकांच्या तोंडी स्वरांच्या मधला 'ब' आणि 'व' यांच्या उच्चारांतला फरक नाहीसा होत गेला. भविष्य आणि भूत एकाच उच्चारात आले! गाणे झाले की व्हावयाचे आहे हेच जेथे कळेना, तेथे लोकांनी निराळा मार्ग धरला. 'कान्तारे हाबेओ', म्हणजे 'मला गाणे आहे', असे ते म्हणू लागले. आम्हीही 'मला उद्या फोंड्याला जायचे आहे' असे म्हणतो, त्यात भविष्यकाळाचा प्रत्यय नसतो, पण भविष्य असते, तसेच ते. कालांतराने हे दोन शब्द बोलता बोलता एकजीव झाले आणि 'कान्तेरो', म्हणजे 'मी गाईन', हे रूप सिद्ध झाले.

या नव्या भविष्यकाळाचा अगदी आरंभीचा लेखी पुरावा सातव्या शतकातील फ्रेदेगार नावाने प्रसिद्ध असलेल्या बखरीत सापडतो. बादशहा जस्टिनियन पकडलेल्या इराणी राजाकडे काही प्रांत मागतो. राजा म्हणतो, 'मी देणार नाही.' त्यावर बादशहाचे उत्तर एका शब्दाचे : 'दारास', म्हणजे 'देशील!' आणि म्हणून त्या ठिकाणी वसलेल्या नगराचे नाव दारा पडले, असे बखरकार सांगतो. गावाच्या नावाची ही व्युत्पत्ती स्थलपुराणांतल्या व्युत्पत्त्यांच्या जातीची आहे, ती खरी मानण्याचे कारण नाही. परंतु ती रचताना बखरकाराच्या लेखणीतून लोकांच्या तोंडचे रूप निसटून गेले. राजाच्या तोंडी त्याने जुने ग्रांथिक लॅटिन भविष्य घातले आहे, आणि बादशहाच्या तोंडी बाजारातले. आजच्या इटालियनमधील 'दाराई' हे त्याच 'दारास'चे भावंड होय.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस येथे लुट् लकाराची आठवण होईल. 'दातास्मि' म्हणजे 'दाता अस्मि', 'मी देणारा आहे', आणि त्यातूनच 'मी देईन'. दोन शब्दांचा संसार एका रूपात विलीन होण्याची ही रीत आमच्याकडेही जुनीच आहे. पुढे मराठीत 'करिष्यति' सरळ उतरले नाही. जुन्या वर्तमानकाळी 'करी'ला 'ल' जोडून 'करील' झाले, आणि तो 'करी' स्वतः मागे सरकून 'आजोबा रोज देवळात जात, पोथी वाचीत, आजी दिवा लावी' अशा रीतिभूतकाळात जाऊन बसला. कोंकणीने 'करतलो' अशी आपली निराळी वाट काढली. भविष्यकाळ हा जणू सर्वच भाषांत मोडकळीस येणारा आणि पुनःपुन्हा बांधावा लागणारा घाट आहे.

ज्या 'हाबेरे' धातूने, म्हणजे 'जवळ असणे' या क्रियापदाने, भविष्यकाळ बांधला, त्यानेच आणखी दोन दालने उभारली. 'लिहिलेले पत्र माझ्यापाशी आहे' या अर्थाचे लॅटिन वाक्य हळूहळू 'मी पत्र लिहिले आहे' या अर्थास आले, आणि इटालियनला नवा पूर्णभूतकाळ मिळाला. तसेच 'मला गाणे होते' या अर्थाच्या जोडणीतून 'कान्तेरेई', 'मी गायिलो असतो' अथवा 'गाईन खरा, पण', हा संकेतार्थ निर्माण झाला. लॅटिनमध्ये संकेतार्थ अशी निराळी रूपावळी नव्हतीच. येणेप्रमाणे एका सामान्य घरगुती धातूने तीन दारांनी प्रवेश करून साऱ्या वाड्याची रचना बदलली.

परंतु हा संकेतार्थ साऱ्या इटलीत एका साच्याचा नव्हता. फ्लॉरेन्सच्या परिसरात 'कान्तेरेई', तर अन्यत्र 'कान्तेरिया'. १३ व्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या सिसिलीतील दरबारी जे कवी लोकभाषेत प्रेमकाव्य करीत, त्यांच्या प्रभावाने हे 'इया'कारान्त रूप तोस्कानाच्या कवींपर्यंत पोहोचले. दान्ते आणि पेत्रार्क यांनीही ते आपल्या रूपाच्या जोडीने वापरले. बोलण्यात ते फ्लॉरेन्सने स्वीकारले नाही, पण पद्यात ते १९ व्या शतकापर्यंत टिकले. दरबार गेला, कवी गेले, राजवंशही नामशेष झाला; मागे राहिला तो एक प्रत्यय.

उलट प्रवासही घडला. 'आम्ही गातो' यास लॅटिनच्या धर्तीवर अनेक प्रांतांत 'कान्तामो' म्हणत, 'आम्ही पाहतो' यास 'वेदेमो'. फ्लॉरेन्सच्या लोकांनी मात्र कोंजुन्तीवोचा 'यामो' हा प्रत्यय स्वार्थातही आणला आणि सर्व गणांस तोच लावला : 'कान्त्यामो', 'वेद्यामो'. मुळात ही एका शहराची लकब. पण त्या शहरात दान्ते जन्मला आणि बोकाच्चोने गद्य लिहिले, म्हणून ती लकब आज साऱ्या देशाचा नियम आहे, आणि 'वेदेमो' हे प्रांतिक बोलीचे लक्षण समजले जाते. नियम आणि लकब यांतील अंतर पुष्कळदा केवळ ग्रंथभाग्याचे असते, ही गोष्ट येथे दृष्टीस पडते.

आता ज्या 'ओ'कारामुळे या लेखास नाव मिळाले त्याकडे वळू. लॅटिनमध्ये 'मी गात होतो' हे 'कान्ताबाम' आणि 'तो गात होता' हे 'कान्ताबात'. शेवटची व्यंजने गळाली आणि दोन्ही रूपे 'कान्तावा' झाली. 'मी' आणि 'तो' यांचा भेद क्रियापदात उरला नाही. वर्तमानकाळात 'मी गातो' हे 'कान्तो' होते. त्याच्या साम्याने फ्लॉरेन्सचे लोक १४ व्या शतकाच्या उत्तरार्धापासून भूतकाळातही 'कान्तावो' म्हणू लागले. गैरसोय होती, ती लोकांनी एका स्वराने दूर केली.

हे रूप प्रथम नियमात घेतले ते लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने. वास्तुशास्त्र, चित्रकला, गणित अशा अनेक विद्यांत संचार करणाऱ्या या पुरुषाने १४४० च्या सुमारास तोस्कानाच्या भाषेचे एक छोटेखानी व्याकरण लिहिले. लोकांच्या भाषेला व्याकरणच नाही असे म्हणणाऱ्या लॅटिनाभिमान्यांस ते उत्तर होते. त्याने जे कानांनी ऐकले तेच मांडले, आणि भूतकाळी प्रथम पुरुषास 'ओ' दिला. दोन भूतकाळांतील सूक्ष्म भेदही त्याने टिपला. काल ओस्तियास गेलो हे एका रूपात सांगावयाचे, आज तिवोलीस गेलो हे दुसऱ्या, अशा धर्तीचे त्याचे उदाहरण आहे. आज हा भेद तोस्कानात पाळला जातो. उत्तरेकडील बोलण्यात नवा पूर्णभूतच दोन्ही कामे करतो, तर सिसिलीत सकाळी घडलेल्या गोष्टीसही जुना भूतकाळ चालतो. परंतु आल्बेर्तीचे पुस्तक छापलेच गेले नाही. त्याची १५०८ साली केलेली नक्कल व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून राहिली, आणि १९०८ साली, बरोबर चारशे वर्षांनी, तिला मुद्रण लाभले.

नियम घालून देण्याचा मान गेला दुसऱ्याकडे. पिएत्रो बेम्बो हा व्हेनिसचा उमराव, पुढे कार्डिनल झालेला. १५२५ साली त्याने लोकभाषेच्या गद्यावर संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या तिसऱ्या भागात नामे, सर्वनामे आणि क्रियापदे यांची सविस्तर चर्चा आहे. बेम्बोचे म्हणणे असे की, लॅटिन लिहिणारे जसे सिसेरो आणि व्हर्जिल यांस प्रमाण मानतात, तसे लोकभाषेत पद्यास पेत्रार्क आणि गद्यास बोकाच्चो प्रमाण मानावेत. हे दोघेही दीडशे वर्षांपूर्वी निवर्तलेले. त्यांच्या ग्रंथांत 'कान्तावा' होते. म्हणून 'कान्तावा' हेच शुद्ध. मौज अशी की, फ्लॉरेन्सच्या बाहेरचा एक मनुष्य फ्लॉरेन्सकरांस सांगत होता की, तुमच्या आजोबांच्या पोथीत जे आहे ते खरे, तुमच्या तोंडात आहे ते नव्हे.

तथापि बेम्बोस केवळ हटवादी म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या त्या भूमीत कोणत्या राजाच्या दरबारची भाषा सर्वांनी मान्य करावी? मिलानने फ्लॉरेन्सची आज्ञा का मानावी, नेपल्सने रोमची का? हयात असलेल्या कोणाही धन्यापुढे मान तुकविणे अपमानाचे. पण दिवंगत कवीपुढे नतमस्तक होण्यात कोणासही कमीपणा नव्हता. बेम्बोच्या नियमाने व्हेनिसचा छापखानेवाला, नेपल्सचा कवी आणि फेर्राराचा दरबारी यांस एक समान पीठ मिळवून दिले. फेर्राराच्या आरिओस्तोने आपले महाकाव्य १५३२ च्या अखेरच्या आवृत्तीत बेम्बोच्या मतास अनुसरून शुद्ध करून घेतले. फ्लॉरेन्समध्ये १५८३ च्या सुमारास क्रुस्का अकादमी स्थापन झाली. 'क्रुस्का' म्हणजे कोंडा. पीठ चाळून कोंडा वेगळा काढावा तशी भाषा शुद्ध करावी हा तिचा संकल्प. १६१२ साली निघालेल्या तिच्या कोशानेही जुन्या ग्रंथकारांचीच री ओढली.

नेमक्या याच सुमारास या कथेचा एक धागा आमच्या किनाऱ्यास येऊन लागतो. फ्लॉरेन्सच्या विद्वन्मंडळात वावरलेला फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा व्यापारी १५८३ साली मिऱ्यांच्या व्यापारासाठी कोचीनला उतरला आणि १५८८ साली गोव्यात वारला. येथील पंडितांची शास्त्रे ज्या भाषेत आहेत तिच्यात आणि आपल्या भाषेत अनेक शब्द समान आहेत, असे त्याने मायदेशी पाठविलेल्या पत्रात नोंदले. देव आणि सर्प हे शब्द त्याने दिले. सहा, सात, आठ, नऊ या संख्याही दिल्या. याच काळात गोव्यात असलेल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सने येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असे १५८३ च्या पत्रात आपल्या भावास लिहिले. आणि लॅटिन व्याकरणाच्या चौकटीवर बेतलेले त्याचे कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूर येथे छापले गेले. सास्सेत्तीच्या ध्यानी नामे आणि संख्या आल्या होत्या. ओटीवरून माजघरात जाण्याचे काम पुढे १८१६ साली जर्मन पंडित फ्रान्झ बॉप याने केले. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांच्या क्रियापदांची रूपावळी शेजारी शेजारी मांडून त्याने त्यांचे कुल एक असल्याचे सप्रमाण दाखविले, आणि तौलनिक भाषाशास्त्राचा पाया घातला गेला.

इकडे इटलीत 'मी'चा भूतकाळ पुस्तकात 'आ'कारान्त आणि फ्लॉरेन्सच्या रस्त्यात 'ओ'कारान्त असा दुहेरी संसार चालूच होता. तो मोडला अलेस्सांद्रो मान्झोनीने. हा मिलानचा. घरी मिलानी बोलणारा, फ्रेंचमध्ये पत्रव्यवहार करणारा. इटालियन त्याने पुस्तकांतूनच शिकलेली. १८२७ साली त्याची सुप्रसिद्ध कादंबरी 'इ प्रोमेस्सी स्पोझी' पुरी प्रकाशित झाली. वाचकांनी ती डोक्यावर घेतली, पण लेखकाचे समाधान झाले नाही. त्याच वर्षी तो फ्लॉरेन्सला गेला, तेथील सुशिक्षितांचे बोलणे त्याने कान देऊन ऐकले, आणि पुढे वर्षानुवर्षे आपला ग्रंथ ओळ न् ओळ तपासून काढला. १८४० ते १८४२ या काळात नवी आवृत्ती भागाभागांनी निघाली. तीत पूर्वीच्या 'आवेवा'च्या जागी प्रथम पुरुषी 'आवेवो' आला होता. एक स्वर बदलला. पण त्या स्वरात, मेलेल्यांच्या लेखणीऐवजी जिवंतांच्या जिभेस प्रमाण मानण्याचा निर्णय होता. आल्बेर्तीने १४४० च्या सुमारास जे लिहून ठेवले ते १८४० साली मान्य झाले.

१८६१ साली राज्य एक झाले तेव्हा ही भाषा बोलू शकणारे किती होते? तुल्यो दे माउरो याने १९६३ साली केलेला अंदाज शेकडा अडीचचा आहे. आर्रिगो कास्तेल्लानी याने १९८२ साली तो शेकडा दहाच्या जवळपास नेला. मोठा आकडा धरला तरी दहांतील नऊ माणसांस आपल्या राष्ट्राच्या भाषेत क्रियापद चालविता येत नव्हते. यावर उपाय म्हणून १८६८ च्या अहवालात मान्झोनीने सुचविले की, जिवंत फ्लॉरेन्टाइन भाषा शाळांतून, शिक्षकांतून आणि कोशांतून सर्वत्र पसरवावी. त्यास विरोध केला ग्रात्सियादियो ईसाया आस्कोली याने. संस्कृतचा आणि तौलनिक भाषाशास्त्राचा हा गाढा पंडित. १८७३ साली त्याने प्रतिपादन केले की, भाषेची एकता वरून घातलेल्या नियमाने येत नाही. देशभर विचारांची, विद्येची आणि कामाची देवघेव वाढली म्हणजे ती आपोआप येते. एका शहराची जुनी पोथी सोडून त्याच शहराचा नवा उच्चार लादणे यात त्यास फारसा फरक दिसत नव्हता.

काळाने दोघांसही अर्धा अर्धा कौल दिला. मान्झोनीचा 'ओ' शाळेत टिकला. पण इटालियन सर्वांची झाली ती आस्कोलीने सांगितलेल्या वाटेने. सक्तीचे शिक्षण, लष्करी सेवा, दक्षिणेतून उत्तरेच्या कारखान्यांकडे झालेले स्थलांतर, वृत्तपत्रे, नभोवाणी आणि १९५४ पासून दूरचित्रवाणी यांनी ती घरोघर नेली.

राज्यसत्तेने स्वतः क्रियापदात हात घातला तेव्हा काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. इटालियनमध्ये आदराने बोलताना 'लेई' हे सर्वनाम वापरतात आणि क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी ठेवतात. समोरच्यास 'महाराज काय म्हणतात?' असे विचारण्याची आमची जुनी रीत याच वळणाची. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ साली 'लेई' हे परकी आणि गुलामी वृत्तीचे ठरवून त्याऐवजी 'व्होई' व त्याबरोबरचे द्वितीय पुरुषी अनेकवचन वापरण्याची सक्ती केली. 'लेई' नावाच्या एका स्त्रियांच्या नियतकालिकास तर नावच बदलून 'अन्नाबेल्ला' व्हावे लागले. दक्षिणेत 'व्होई' हे घरचे, प्रेमाचे आदरवचन होते. हुकुमाने त्याचाही गोडवा उणा झाला. १९४३ साली राजवट कोसळली आणि 'लेई' निमूटपणे आपल्या जागी परत आली. चारशे वर्षे लोकांनी न सोडलेला एक 'ओ' ग्रंथांनी अखेर स्वीकारला. आणि हुकुमाने बसविलेले रूप पाच वर्षेही धड नांदले नाही.

या इतिहासातून ग्रंथ खोटे आणि बोलणे खरे असा सरधोपट निष्कर्ष कोणी काढू नये. बेम्बो नसता तर मान्झोनीस सुधारण्याजोगी सामायिक भाषाच मिळाली नसती. मान्झोनी नसता तर ती भाषा पोथीतच राहिली असती. आणि आस्कोलीचे ऐकले नसते तर शेजारच्या बोलींचा मान राखण्याचे भानही राहिले नसते. ज्या समाजात देवळातील पोथीची भाषा एक आणि चुलीपुढची भाषा दुसरी असते, दोन्ही आपल्याच असतात, आणि दोन्हींत क्रियापद निरनिराळे चालते, त्या समाजास हे तारतम्य समजावून सांगावे लागू नये. मुले घरी 'करतलो' म्हणतात आणि वहीत 'करीन' लिहितात. यांतले एक चूक आणि एक शुद्ध असे शिकविण्यापूर्वी, शुद्धाशुद्धाचा हा न्याय फ्लॉरेन्समध्ये एका स्वरापुरता चारशे वर्षे अडून राहिला होता, हे शिकविणाऱ्याने मनात आणावे. प्रमाण रूप मुलास अवश्य द्यावे, कारण त्यावाचून दूरच्या माणसाशी बोलता येत नाही; परंतु ते देताना घरच्या रूपाची त्यास लाज वाटेल असे काही करू नये. आज जे घरचे म्हणून हिणविले जाते, तेच उद्याच्या व्याकरणात पहिल्या ओळीत बसलेले असणे अशक्य नाही.